बीपीचं मशीन खरं बोलतंय का?

रक्तदाब मोजायच्या यंत्रांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार.

घरच्या डिजिटल मशीनवर आईचं बीपी १५० च्या पुढे दाखवतं, डॉक्टरांकडे मात्र १३६ भरतं. मशीन कॅलिब्रेट करून आणू का? (बार्शी)

आधी मशीन घेऊन दवाखान्यातच जा. सोमवारी घरी घेतलेला आकडा आणि गुरुवारी डॉक्टरांनी घेतलेला, यांची तुलना करण्यात हशील नाही. बीपी दिवसभरातही तेवढं खालीवर होतं. आईंना पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. मग त्याच दंडावर आधी तुमचं मशीन, मिनिटभराने डॉक्टरांचं, पुन्हा तुमचं, पुन्हा डॉक्टरांचं. वरच्या आकड्यात सरासरी पाचपर्यंत फरक पडला तर काळजी नको. दर वेळी एकाच बाजूला दहाच्या वर गेला तर ते मशीन वापरू नका. मधलं काही आलं तर सगळं पुन्हा एकदा करा.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट खटकते. सहसा दवाखान्यात जास्त आणि घरी कमी येतं. तुमच्याकडे उलटं आहे. त्यामुळे मला पहिला संशय पट्ट्याचा. मशीनसोबत मिळणारा नेहमीचा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, तसं त्यावर छापलेलं असतं. दंड जाड असेल तर तोच पट्टा आकडा फुगवून दाखवतो. शिंप्याची टेप लावून घेर मोजा. आणि डॉक्टरांचं यंत्र शेवटचं कधी तपासलं, हेही विचाराच. राग आला तर येऊ दे.

आमच्या उपकेंद्रातल्या डायलच्या यंत्राचा काटा शून्यावर येत नाही, चारवर थांबतो. काच काढून काटा सरळ केला तर? (एक आरोग्यसेविका)

नका करू. यंत्र पडलं की आतली दाबाची पातळ पेटी वाकते. काटा फिरवून शून्य जुळेल, पण १५० ला ते किती चुकतं हे तसंच राहील. वर दोष मात्र झाकला जाईल.

तपासणी फार अवघड नाही. पट्टा माणसाच्या हाताऐवजी एखाद्या न दबणाऱ्या डब्याला गुंडाळतात. नळीत टी-जोड घालून एका तोंडाला तुमचा डायल, दुसऱ्याला प्रमाणपत्र असलेला संदर्भ मापक. फुगा दाबून २५० पर्यंत न्यायचं आणि २००, १५०, १००, ५० असं थांबत उतरायचं. कुठेही तीनपेक्षा जास्त फरक दिसला तर यंत्र नापास. मग २०० ला झडप बंद करून थोडं स्थिरावू द्यायचं आणि घड्याळ लावायचं: मिनिटात चारपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. गळतीचं मूळ बरेचदा तडकलेली नळी किंवा सैल झडप असते, ती बदलून काम भागतं. वाकलेल्या पेटीच्या दुरुस्तीच्या भानगडीत मात्र मी पडत नाही. डायलची यंत्रं दर सहा महिन्यांनी तपासा, शिवाय खाली पडलं की लगेच.

माझ्या डिजिटल मशीनला ‘±३’ चं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मिळालं. आता शंका नको ना? (नाशिक)

सर्टिफिकेट खरं आहे, पण ते फक्त आतल्या दाबाच्या सेन्सरचं. डिजिटल मशीन डॉक्टरांसारखं ठोके ऐकत नाही. पट्टा सैल होताना त्यातल्या हवेत नाडीची जी बारीक थरथर उमटते, ती मोजतं. ही थरथर सरासरी दाबाशी सगळ्यात मोठी असते. तिच्यावरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या गणिताने काढला जातो. हे गणित माणसांना लागू पडतं का, याची चाचणी वेगळी असते: किमान ८५ माणसं, प्रशिक्षित निरीक्षकांशी तुलना, सरासरी फरक पाचच्या आत. विकत घेताना ही चाचणी झालीय का ते विचारा. दुकानदाराला बहुधा माहीत नसतं, कंपनीच्या साइटवर बघा. आणि नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर सेन्सर ठणठणीत असूनही आकडे भरवशाचे राहत नाहीत. अशा वेळी लागोपाठ तीन मोजण्या घेऊन सरासरी काढा आणि डॉक्टरांना कानाने ऐकून मोजायला सांगा.

स्मार्टवॉचवर बीपी बघितलं तर? (पुणे)

सॅमसंगच्या घड्याळालासुद्धा दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. मशीन चुकीचं असेल तर घड्याळही तेवढंच चुकणार. गोळीचा डोस त्यावरून बदलू नका.