मूर्ती विरघळली, आता बादलीतल्या पाण्याचं काय?

गणेशोत्सवानंतर आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं अनेकांच्या उपयोगाची आहेत, अशी निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत.

घरची पीओपीची मूर्ती बादलीत खाण्याचा सोडा टाकून बुडवली. चार दिवस झाले, पण नुसता रंग सुटलाय. आमचं काय चुकलं? (ठाणे)

सोडा चुकला. वाण्याकडे मिळतो तो खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सांगितलेल्या पद्धतीत अमोनियम बायकार्बोनेट लागतं. बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात ती पावडर. पुणे महापालिका विसर्जनासाठी हीच पावडर वाटत आली आहे. बोलताना तिलाही 'सोडा'च म्हणतात, तिथे घोळ होतो. सोडियमचा सोडा पाण्यात तिच्या निम्म्यानेही विरघळत नाही आणि मागे उरलेलं सोडियमचं पाणी झाडांच्या मुळावर उठतं.

मूर्तीच्या वजनाइतकीच पावडर घ्या. दोन किलोच्या मूर्तीला दोन किलो पावडर आणि १० ते १२ लिटर साधं पाणी. यापेक्षा कमी पाण्यात सगळी पावडर विरघळत नाही, तळाशी बसून राहते. गरम पाणी घेऊ नका, उष्णतेने ती अमोनिया सोडून उडून जाते. याच कारणाने गेल्या वर्षीची, तोंड उघडं राहिलेली पिशवीही भरवशाची नाही. बादली प्लास्टिकचीच हवी, तांब्या-पितळेला अमोनिया खातो. झाकण घट्ट लावू नका, कारण या क्रियेत भरपूर कार्बन डायऑक्साइड निघतो. वास उग्र असतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवा आणि मुलांना लांब ठेवा.

मूर्ती पोकळ असेल तर तळाच्या भोकातून आत पाणी भरू द्या, नाहीतर ती तरंगते. ऑइलपेंटचा थर पाणी आत शिरू देत नाही, आतली बाजू मात्र बिनरंगाची असते. क्रिया तिथून सुरू होते. सुरू झाली की प्लास्टरवर चुनखडीचा पातळ थर धरतो आणि आतला भाग झाकला जातो. म्हणून दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीने ढवळायचं. एवढं केलं की छोटी मूर्ती साधारण ४८ तासांत सुटते. शंका असेल तर एक गोळा स्वच्छ धुऊन फोडा आणि आत लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी झाली. नाही फसफसलं तर प्लास्टर अजून शिल्लक आहे, त्याला आणखी एक दिवस द्या.

उरलेलं पाणी खत म्हणून झाडांना घातलं, तर गुलाब करपला. हे खत आहे ना? (पुणे)

खतच आहे, पण फार कडक. दोन किलो प्लास्टरपासून साधारण दीड किलो अमोनियम सल्फेट तयार होतं, आणि ते सगळं त्या १२ लिटरमध्ये असतं. असं पाणी थेट घातलं की मुळांतलं पाणीच बाहेर ओढलं जातं.

आधी बादली दोन दिवस हलवू नका. वरचं निवळ पाणी जुन्या सुती कापडातून गाळा. अमोनियाचा वास पुरता गेल्यावर एक लिटर पाण्यात २० मिली, म्हणजे चार चमचे, एवढंच मिसळा. मध्यम कुंडीला असं पेलाभर पाणी तीन आठवड्यांतून एकदा पुरे. कोवळ्या रोपांना नको. भाजीपाल्यालाही नको, कारण मूर्तीच्या रंगात काय होतं हे आपल्याला माहीत नसतं.

आता हिशेब करा: एका बादलीतून असं ६०० लिटर पाणी होतं. घरच्या दहा कुंड्यांना ते संपणार नाही. सोसायटीच्या हिरवळीला, मोठ्या झाडांना द्या, शेजाऱ्यांना वाटा. गटारात मात्र ओतू नका. त्यातला नत्र नदीत गेला की जलपर्णीचं फावतं, आणि मूर्ती नदीत सोडली नाही याचा निम्मा उपयोग वाया जातो. तळाची पांढरी चुनखडी वाळवून राडारोड्यासोबत द्या.

ही पद्धत घरात आलेल्या पीओपीच्या मूर्तीवरचा उपाय आहे. एवढ्याने पीओपी पर्यावरणपूरक ठरत नाही.

शाडूची मूर्ती तुळशीच्या कुंडीत विसर्जित केली. महिन्यात तुळस सुकली. माती तर नैसर्गिक होती! (सातारा)

नैसर्गिक आहे, पण शाडू फार बारीक कणांचा असतो. कुंडीत तो वाळून दगडासारखा होतो, पाणी वर साचतं आणि मुळं गुदमरतात. कुंडीत घालायचाच तर दहा भाग मातीला एक भाग, त्याहून जास्त नाही.

खरं तर ही माती कुंडीत घालण्यापेक्षा जपून ठेवावी. महाराष्ट्रात येणारा बराचसा शाडू गुजरातेतून येतो आणि कितीही वेळा वापरता येतो. मूर्ती पूर्ण वाळलेली असताना बुडवा. ओलसर मूर्तीपेक्षा सुकलेली लवकर फुटते. काठी, काथ्या, रंगाची सालं चाळणीने काढा, गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता आणि राहिलेला लगदा चादरीवर पसरून कणकेइतका घट्ट होऊ द्या. गोळे करून पिशवीत बांधून ठेवा किंवा मूर्तिकाराला परत द्या. पुण्यात 'पुनरावर्तन' उपक्रमात अशी माती गोळा करून मूर्तिकारांपर्यंत पोचवतात.

निर्माल्याच्या ड्रममध्ये वास आणि अळ्या. फेकून देऊ? (नाशिक)

मुळीच नको. वास येतो तो हवा न मिळाल्याने. झेंडू-शेवंतीत पाणी भरपूर, ती दबून चिकट होतात. एक घमेलं फुलांना दोन घमेली सुका पालापाचोळा मिसळा आणि दर तीन-चार दिवसांनी खालीवर करा. मूठभर कचरा पिळल्यावर एखाद-दुसरा थेंबच यायला हवा. धार लागली तर आणखी पाला घाला. दोरे, जरीच्या पट्ट्या, कापूर, गुलाल आधीच काढा. तुपातला नैवेद्य टाकू नका, उंदीर येतात. मळकट रंगाच्या जाड अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात आणि चावत नाहीत. त्यांना राहू द्या. दोन महिन्यांत खत होतं.

देवळातल्या फुलांपासून चामडं बनतं, असं ऐकलं. खरं का? (सोलापूर)

खरं आहे. कानपूरच्या 'फूल' कंपनीचं मुख्य काम देवळांतल्या फुलांपासून उदबत्त्या बनवण्याचं. पडून राहिलेल्या फुलांवर तिथे एक तंतुमय थर वाढलेला दिसला. तो बुरशीचा होता. त्यावरूनच त्यांनी चामड्यासारखा पदार्थ तयार केला आणि त्याला 'फ्लेदर' नाव दिलं. घरी हे जमण्यासारखं नाही. तुमच्या ड्रममध्ये पांढरी बुरशी दिसली तर मात्र घाबरू नका, ती पानांचे चिवट धागे फोडत असते.