वाचकांचे प्रश्न : बिशप ऑकलंड, हौशी फुटबॉलचा बादशहा

मागच्या अंकातल्या इंग्लंडच्या जुन्या फुटबॉल क्लबांवरच्या लेखात बिशप ऑकलंडचं नाव ओझरतं आलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : क्लबच्या नावात ‘बिशप’ कुठून आला? चर्चचा संघ होता का?

बिशप ऑकलंड हे ईशान्य इंग्लंडच्या डरहॅम काउंटीतलं गाव. डरहॅमच्या बिशपचं पूर्वीचं निवासस्थान, म्हणजे ऑकलंड कॅसल, या गावात आहे आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं. क्लबचं नाव गावाचं, चर्चचं नव्हे. तरी चर्चशी नातं आहेच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून धर्मशिक्षणासाठी इथे आलेल्या विद्यार्थ्यांनी गावात फुटबॉल रुजवला. क्लबच्या जर्सीवरचा गडद निळा ऑक्सफर्डचा आणि फिका निळा केंब्रिजचा. क्लबचं स्थापनावर्ष १८८६. १८८९ मध्ये त्या भागातल्या क्लबांची नॉर्दर्न लीग सुरू झाली, तेव्हा हा क्लब संस्थापकांत होता. पुढे ती लीग त्याने १९ वेळा जिंकली.

प्रश्न : हौशी खेळाडूंचा संघ वेम्बलीवर लाखभर प्रेक्षक कसा खेचायचा? आणि ते खरंच फुकट खेळायचे का?

‘हौशी’ म्हणजे कच्चे, असा समज इथे आधी बाजूला ठेवायला हवा. हौशी संघांसाठी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची (एफए) एफए अमॅच्युअर कप ही वेगळी स्पर्धा होती. बिशप ऑकलंडने १८ वेळा तिची अंतिम फेरी गाठली आणि १० वेळा कप जिंकला : १८९६, १९००, १९१४, १९२१, १९२२, १९३५, १९३९ आणि मग १९५५ ते १९५७ सलग तीनदा. हा विक्रम कुणालाच मोडता आला नाही.

पण या क्लबची जात कळते ती हरलेल्या फायनलमधून. १९५४ मध्ये समोर होता शेजारचाच क्रूक टाऊन. दोन्ही गावं एकाच कोळसापट्ट्यातली, अंतर काही मैलांचं, आणि सामना दूर लंडनला, वेम्बलीवर, एक लाख प्रेक्षकांसमोर. बिशप ऑकलंडच्या जिमी निमिन्सचा पाय मोडला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती (व्यावसायिक क्लबांच्या इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये ती १९६५ मध्ये आली), म्हणून उरलेला सामना दहा जणांनी खेळून काढला. जादा वेळ धरून २-२. पेनल्टी शूटआउट नसल्यामुळे बरोबरी झाली की सामना पुन्हा खेळायचा. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर पुन्हा २-२. अखेर मिडल्सब्रोच्या एअरसम पार्कवर क्रूकने १-० ने कप नेला. पुढच्या वर्षी हेन्डनला २-० असं हरवून बिशप ऑकलंडची ती सलग तीन कपांची मालिका सुरू झाली. त्याच हंगामात हौशी-व्यावसायिक सगळ्यांना खुल्या असलेल्या मोठ्या एफए कपमध्ये त्यांनी क्रिस्टल पॅलेसला ४-२ हरवलं, इप्सविचशी २-२ बरोबरी करून फेरसामना ३-० जिंकला आणि चौथ्या फेरीत यॉर्क सिटीकडून १-३ असे हरले. पॅलेस, इप्सविच आणि यॉर्क, तिन्ही पगारी संघ होते.

आता पैशांचं. नियमाप्रमाणे हौशी खेळाडूला फक्त प्रवासखर्च मिळायचा. प्रत्यक्षात हौशी फुटबॉलमध्ये ‘बूट मनी’ सर्रास चालायचा : सामन्यानंतर बुटात ठेवलेल्या नोटा, किंवा फुगवलेलं प्रवासाचं बिल. १९२८ मध्ये डरहॅम काउंटीत याची चौकशी झाली आणि शेकडो खेळाडूंवर कारवाई झाली, तरी प्रथा टिकली. कारण साधं आहे. व्यावसायिक खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९५८ मध्येसुद्धा ती आठवड्याला २० पाउंड होती. पक्की नोकरी सांभाळून शनिवारी खेळायचं आणि वर चार पाउंड मिळवायचे, हा हिशेब चांगल्या खेळाडूला परवडायचा. अव्वल दर्जाचे खेळाडू हौशी राहिले ते याच गणितामुळे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : म्युनिक अपघातानंतर या क्लबने मँचेस्टर युनायटेडला खेळाडू दिले, हे खरं आहे?

खरं आहे. ६ फेब्रुवारी १९५८ च्या विमान अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू गेले. त्यानंतर बिशप ऑकलंडचे बॉब हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली मदतीला गेले, मुख्यतः राखीव संघ उभा ठेवण्यासाठी. हार्डिस्टी १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बझबी यांच्या हाताखाली ब्रिटनकडून खेळला होता, त्यामुळे ओळख जुनी.

हे चटकन जमलं, कारण हौशी खेळाडूसाठी ट्रान्सफरची रक्कम मोजावी लागत नसे. शिवाय तो आपल्या क्लबबरोबरच लीगमधल्या एखाद्या क्लबकडूनही खेळू शकायचा. बिशप ऑकलंडच्या शेमस ओ’कॉनेलने १९५४ मध्ये चेल्सीकडून पदार्पणातच युनायटेडविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती (तरी चेल्सी ५-६ हरली). ब्रॅडली पेशाने शिक्षक. तो पुढे युनायटेडचा व्यावसायिक खेळाडू झाला आणि १९५९ मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळला.

प्रश्न : पहिला ‘वर्ल्ड कप’ यांनीच जिंकला ना?

नाही. तो शेजारच्या वेस्ट ऑकलंडने. ‘पहिला वर्ल्ड कप’ म्हणतात ती तुरिनमधली सर थॉमस लिप्टन ट्रॉफी त्यांनी १९०९ आणि १९११ मध्ये जिंकली; दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१ असं हरवून.

प्रश्न : एवढा मोठा क्लब खाली का गेला?

१९६१ मध्ये पगाराची कमाल मर्यादा उठली आणि वरचं गणित कोलमडलं. गुणी खेळाडूने हौशी राहण्याचं कारणच उरलं नाही. खाणी बंद पडत गेल्या, तसा प्रेक्षक आटला. १९७४ मध्ये एफएने हौशी-व्यावसायिक हा भेदच रद्द केला आणि अमॅच्युअर कपही संपला. तिथून हा क्लब उघडपणे अर्धव्यावसायिक झाला.

पुढचं नुकसान मात्र टाळता आलं असतं. १९७९ मध्ये फुटबॉल लीगच्या खालच्या क्लबांची अलायन्स प्रीमियर लीग सुरू झाली आणि वर चढण्याची शिडी तयार होऊ लागली, तेव्हा नॉर्दर्न लीग त्या शिडीबाहेर राहिली. बिशप ऑकलंडने १९८८ मध्ये ती सोडून शिडीवरची नॉर्दर्न प्रीमियर लीग धरली, पण २००६ मध्ये परत यावं लागलं. मैदानाचीही अडचण होतीच. किंग्जवे मैदान क्रिकेट क्लबबरोबर वाटून घेतलेलं. क्रिकेटच्या पट्टीमुळे चौथी बाजू उघडी. तिथे प्रेक्षकांसाठी पायऱ्या नाहीत, छप्पर नाही. वरच्या लीगमध्ये नुसते गुण पुरत नाहीत, मैदानाची प्रतवारीही लागते : प्रकाशझोत, छपराखालची जागा, बंदिस्त आवार. २००१ मध्ये किंग्जवे सुटलं आणि हेरिटेज पार्क २०१० मध्ये तयार होईपर्यंत क्लब शेजारच्यांच्या मैदानांवर खेळत राहिला. स्वतःचं मैदान नसलं की तिकीट, बार, जाहिराती, सगळं उत्पन्न एकदमच आटतं.

प्रश्न : आज ‘अर्धव्यावसायिक’ म्हणजे नेमकं काय?

खेळाडूची नोकरी वेगळी असते. सराव आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी, सामना शनिवारी आणि अधूनमधून मंगळवारी किंवा बुधवारी रात्री. मानधन दोन प्रकारे मिळतं. करार असेल तर खेळाडू जाताना क्लबला रक्कम मागता येते. करार नसेल तर दुसऱ्या क्लबने सात दिवसांची लेखी सूचना दिली की खेळाडूशी थेट बोलता येतं, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर मोहरा हातचा जातो. करार केला, तर दुखापत झाली तरी पैसे द्यावेच लागतात. लहान क्लब या दोन्हींच्या मध्ये अडकलेले असतात.

एफए कपची वाटही लांब आहे. नॉर्दर्न लीगच्या पहिल्या विभागातला, म्हणजे नवव्या पातळीवरचा क्लब ऑगस्टमध्ये अगदी पहिल्या पूर्वफेरीपासून सुरुवात करतो. दोन पूर्वफेऱ्या आणि चार पात्रता फेऱ्या जिंकल्या तर नोव्हेंबरमध्ये मुख्य स्पर्धेची पहिली फेरी. प्रीमियर लीगचे संघ येतात ते जानेवारीत, तिसऱ्या फेरीला.