मराठी लिखाण तुटक वाटतं. इंग्रजीसारखा 'प्रीपोझिशनल फ्रेज' वाक्याच्या सुरुवातीला आणून छोटी वाक्यं जोडता येतात का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: स्पर्धा परीक्षेच्या सरावात मराठी निबंधावर दर वेळी 'वाक्ये तुटक' असा शेरा येतो. इंग्रजीच्या क्लासमध्ये मात्र सांगतात की 'प्रीपोझिशनल फ्रेज (म्हणजे 'इन द हाउस'सारखा तुकडा) पुढे आणा, दोन वाक्यांचं एक होतं'. हेच मराठीत चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नमुन्याला परिच्छेद दिलाय तो नेमका सोलापूरवरचा, त्यामुळे मला गप्प बसवेना.

चालतं. पण इंग्रजीतली युक्ती आहे तशी उचललीत तर फसेल.

मी शहराच्या पूर्व भागात वीसेक वर्षं शिकवणी घेते, मराठी आणि इंग्रजी दोन्हीची. पोरांच्या घरात कुठे तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू, कुठे मराठी. 'घरात' या एका शब्दाला तेलुगूवाला 'इंट्लो' म्हणतो, कन्नडवाला 'मनेयल्लि', उर्दूवाला 'घर में'. चौघांच्याही तोंडी आधी घर येतं आणि 'आत' असल्याची खूण मागून येते. इंग्रजी तेवढी उलटी: आधी 'इन', मग 'द हाउस'. म्हणून पाचवीतलं पोर बिनधास्त 'हाउस इन' लिहून मोकळं होतं. मी आता त्याला चूक म्हणत नाही, 'आपल्याकडचं झालं, आता त्यांच्याकडचं कर' एवढंच म्हणते.

इंग्रजीत नावाच्या आधी येणारा तो शब्द आपल्याकडे नावाच्या मागे चिकटतो. शाळेत त्याला शब्दयोगी अव्यय म्हणायचो: जवळ, शेजारी, समोर, पूर्वी, नंतर, मुळे, साठी, शिवाय, ऐवजी. 'त', 'ला', 'ने' हे विभक्तीचे प्रत्यय वेगळे, पण जोडकामापुरते ते त्याच पंगतीत बसतात. चिकटताना नावाचं रूप बदलतं, किल्ल्याशेजारी, रस्त्यावर, शाळेसमोर. नावाआधी विशेषण असेल तर तेही वाकतं: जुना वाडा, पण जुन्या वाड्यासमोर. (गावातली नावं याला दाद देत नाहीत. व्याकरणाने 'नव्या पेठेत' व्हायला हवं, पण इथे सगळे 'नवी पेठेत' जातात.) आणि कृपा करून 'तलावा जवळ' असं तोडून लिहू नका. 'तलावाजवळ' हा एकच शब्द आहे. दुकानांच्या पाट्यांनी हा रोग सगळीकडे पसरवलाय, आणि परीक्षकाचं लाल पेन आधी तिथेच टेकतं.

आता तुमचा परिच्छेद:

'सोलापूर शहरात एक तलाव आहे. तलावात सिद्धेश्वराचे मंदिर आहे. तलावाच्या शेजारी भुईकोट किल्ला आहे. जानेवारी महिन्यात यात्रा असते. तिला गड्ड्याची यात्रा म्हणतात. यात्रेत ७ नंदीध्वज असतात. लोक पांढरी बाराबंदी घालतात. ते नंदीध्वज मिरवतात. ते ६८ लिंगांना जातात.'

यात माहितीची चूक नाही. (बाहेरच्यांसाठी: नंदीध्वज म्हणजे यात्रेत मिरवायच्या उंच काठ्या, बाराबंदी म्हणजे बंद बांधायचा अंगरखा, आणि या यात्रेलाच आम्ही नुसतं 'गड्डा' म्हणतो.) नऊ वाक्यं आहेत आणि त्यांतली पाच 'आहे', 'असते' किंवा 'असतात'वर संपतात. खरं दुखणं तेच. वाक्य छोटं असल्याने तुटक वाटत नाही. क्रियापदात काही घडत नाही आणि तरी प्रत्येक वेळी पूर्णविराम पडतो, म्हणून वाटतं.

दोन वाक्यांचं एक करायचं म्हणजे एका क्रियापदाला जावं लागतं. कोणी जायचं, एवढाच निर्णय तुमचा. 'आहे' आधी जातो, कारण तो गेल्याने काही बिघडत नाही. 'तलावाच्या शेजारी किल्ला आहे' यातलं शेजारीपण ठेवा, 'आहे' सोडा: 'किल्ल्याशेजारच्या तलावात'. 'भरते', 'पेलतात', 'निघतात' ही क्रियापदं मात्र राखून ठेवा. मी असं केलं असतं:

'भुईकोट किल्ल्याशेजारच्या तलावात सिद्धेश्वराचे मंदिर आहे. मकरसंक्रांतीच्या सुमाराला इथे गड्ड्याची यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ७ नंदीध्वज पेलत ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात.'

नवाची तीन झाली, आणि 'आहे' एकच उरला. तिसऱ्या वाक्यात सुरुवातीला शब्दयोगी अव्यय नाही, हेही पाहा. तिन्ही वाक्यं एकाच घाटाची केली असती तर तुटकपणा जाऊन तालासुराचा कंटाळा आला असता. आमच्या पोरांना एकदा ही युक्ती सांगितली की पुढचे पंधरा दिवस सगळ्यांचे निबंध 'सकाळच्या वेळी', 'दुपारच्या वेळी', 'संध्याकाळच्या वेळी' असे चालू होतात. तेव्हा मीच सांगते, बास आता.

(सोलापूरची आहे म्हणजे चादरीची, ताण्याबाण्याची उपमा देणार, असं वाटलं असेल. देत नाही.)

इंग्रजीहून खरा फरक पुढेच आहे. इंग्रजीत स्थळ-काळ सहसा वाक्याच्या शेवटी जातात. तो तुकडा उचलून पुढे आणला की वाचणाऱ्याला वेगळं जाणवतं, म्हणून तिथे त्याच्यामागे बऱ्याचदा स्वल्पविरामही देतात. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे स्थळकाळाने सुरुवात करणं हा आपला रोजचा बोलण्याचा रिवाज. 'काल पार्क चौकात मामा भेटले' हे कोणी ठरवून बोलत नाही. तेव्हा 'पार्क चौकात, मला मामा भेटले' हा स्वल्पविराम काढून टाका, तो तिकडचा पाहुणा आहे.

मग मराठीत पुढे-मागे केल्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो क्रियापदाच्या अगदी अलीकडच्या जागेत पडतो. 'गड्ड्यावर मी भजी खाल्ली' म्हटलं की काय खाल्लं ते कळतं. 'भजी मी गड्ड्यावर खाल्ली' म्हटलं की कुठे खाल्ली ते कळतं, घरी नाही. जी गोष्ट वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे किंवा मागच्या वाक्यात येऊन गेली ती पुढे घ्या. नवी बातमी क्रियापदाला खेटून ठेवा. मागच्या वाक्यात तलाव आला असेल तर पुढचं 'तलावाकाठी'ने सुरू केलं की दोन वाक्यं आपोआप हातात हात घालतात, 'आणि', 'तसेच', 'त्याचप्रमाणे' काही लागत नाही.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, ती इंग्रजीच्या क्लासमध्ये कोणी सांगणार नाही. शब्दयोगी अव्यय आपण क्रियापदाच्या रूपालाही लावतो: येण्यापूर्वी, पाऊस थांबल्यावर, विचारल्याशिवाय, मिळवण्यासाठी. 'मामा येतात. आई त्याआधी कडक भाकरी काढून ठेवते' याचं 'मामा येण्यापूर्वी आई कडक भाकरी काढून ठेवते' होतं. इतकं सोपं असताना लोक कचेरीच्या भाषेत 'मामांच्या आगमनापूर्वी' लिहितात. पत्रिकेत शोभेल, निबंधात मामा परके वाटतात.

'येऊन', 'करून' यांतल्या 'ऊन'च्या रूपाशी मात्र जपून. 'शाळेतून येऊन पाऊस सुरू झाला' असं दर वर्षी कोणीतरी लिहितंच. शाळेतून पाऊस आला नव्हता. दोन्ही कामं एकानेच केली असतील तर 'येऊन' चालतं, करणारे वेगळे असतील तर 'आल्यावर' घ्या.

आणि 'मुळे'. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण वाक्य जोडताना तुम्ही नकळत एक दावा करत असता. समजा तुमच्या कच्च्या लिखाणात असं आहे: 'मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली. सोलापुरात लोक रस्त्यावर उतरले. सरकारने मार्शल लॉ (लष्करी अंमल) पुकारला.' आता जोडा. 'गांधीजींच्या अटकेनंतर लोक रस्त्यावर उतरले' म्हणजे फक्त क्रम सांगितला. 'अटकेमुळे' म्हणजे कारण सांगितलं. 'अटकेविरुद्ध' म्हणजे लोकांच्या मनात काय होतं तेही सांगितलं. मूळच्या दोन छोट्या वाक्यांत यातलं काहीच उघड नव्हतं, वाचणारा आपलं आपण जुळवत होता. जोडलंत की जबाबदारी तुमची. जिथे खात्री असेल तिथेच 'मुळे', नसेल तर 'नंतर'. मार्शल लॉबद्दल लिहिताना पोरं 'लोकांमुळे मार्शल लॉ लागला' असं लिहितात, तेव्हा वाक्य छान जोडलेलं असतं आणि दोष भलत्याच माणसांच्या माथी गेलेला असतो.

याच विषयावर एक वाक्य मी कुणालाही जोडू देत नाही. सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरच्या निबंधात शेवटी येतं: '१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी देण्यात आली.' तारीख आणि जागा पुढे आलीच आहे, आता त्यापुढे 'ज्यामुळे संपूर्ण शहरात' वगैरे शेपूट नको. तिथे पूर्णविराम हवा.

उलट टोकाची मंडळीही असतात. एका मुलाला जोडायची इतकी गोडी लागली की त्याने लिहिलं: 'सिद्धेश्वर तलावाच्या काठावरील बागेतील झाडाखालील बाकावर आजोबांच्या शेजारी रविवारच्या संध्याकाळी उन्हामुळे घामाघूम होऊन मी बसलो.' क्रियापद शेवटी असल्याने मराठी वाचणारा तिथवर सगळी गाठोडी डोक्यावर घेऊन चालतो. 'बसलो' येईपर्यंत त्याची मान मोडते. 'काठावरील बागेतील झाडाखालील' ही माळ वर्तमानपत्रांनी लावलेली सवय. माझा हिशेब असा की क्रियापदाआधी दोन शब्दसमूह पुरे, तिसरा आला तर वाक्य तोडा. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या घशाने ठरवलेला आहे: मोठ्याने वाचताना मध्ये दम घ्यावा लागला की तोडायचं.

परीक्षेत एवढं करायला वेळ कुठे, असंही तुम्ही विचारलंय. लिहिताना करूच नका, तुटक तर तुटक, लिहून टाका. शेवटची पाच मिनिटं राखा आणि फक्त एक गोष्ट शोधा: एक वाक्य ज्या नावावर येऊन थांबलं, पुढचं त्याच नावाने सुरू झालंय का, आणि त्यातल्या एकात 'आहे' आहे का. 'कोपऱ्यात एक दुकान आहे. दुकानात शेंगाचटणी मिळते.' दिसलं की पहिला 'आहे' खोडा, 'एक' खोडा, 'कोपऱ्यातल्या दुकानात शेंगाचटणी मिळते'. एका पानावर अशा तीन-चार जोड्या सापडतात. तुमच्या परिच्छेदात पहिल्याच दोन वाक्यांत एक आहे.