मुलीच्या डिग्रीचं विचारलंत, आधी पॉलिसीचं बोलू

काळाचौकीहून एका वडिलांचं पत्र आलंय. वय ४७, औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर, हातात महिना ४६ हजार. पत्नी घरगुती डबे देते, त्यातून आठेक हजार सुटतात. मुलगी बारावी सायन्स झाली, पण ‘नीट’चे गुण बीडीएसपर्यंतही पोहोचत नाहीत. एका खासगी संस्थेत डेंटल असिस्टंट आणि हायजीनची तीन वर्षांची डिग्री आहे, फी वर्षाला २.१ लाख. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, बाहेर पडताच ५० हजार पगार, परदेशात गेली तर डॉलर. प्रश्न एवढाच, की पीएफ काढू की शैक्षणिक कर्ज घेऊ?

आणि खाली ता. क. : ‘मुलीच्या शिक्षणासाठी बँकेतून एक पॉलिसी घेतली आहे. वर्षाला १.२ लाख, दोन हप्ते झाले. दुसरा बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भरला. तिसऱ्यासाठी ७० हजार जमलेत, पुढच्या महिन्यात भरायचाय. त्याची काळजी नाही.’

मला त्याचीच काळजी वाटते. पण आधी तुमचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर लहान आहे.

तीन वर्षांची फी ६.३ लाख. अकरा टक्क्यांनी कर्ज घेतलंत तर कोर्स आणि हप्ता न भरण्याचं पुढचं सुटीचं वर्ष धरून दोनेक लाख व्याज चढतं, म्हणजे ८.४ लाख. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता १४,४०० च्या आसपास. आता तुमच्याच पत्रातली ओळ पाहा. तुम्ही ज्या डेंटिस्टकडे जाता त्यांच्याकडची असिस्टंट १४ हजारांवर आहे, आणि ती काम करता करताच शिकली. म्हणजे मुलीने सगळा पगार बँकेत नेऊन द्यायचा आणि लोकलचा पास तुम्ही काढून द्यायचा. पीएफलाही हात लावू नका. ८.२५ टक्के देणारी दुसरी सुरक्षित जागा तुमच्याकडे नाही.

बाईंचे डॉलर खोटे नाहीत, पण ते तुमच्या मुलीचे नव्हेत. अमेरिकेत हायजिनिस्टचा मध्यम वार्षिक पगार २०२३ मध्ये ८७ हजार डॉलरच्या पुढे होता. पण तिथे लायसन्ससाठी बहुतेक राज्यांत तिथल्या यंत्रणेने मान्य केलेल्या कॉलेजातूनच कोर्स झालेला लागतो. इथल्या डिग्रीचा कागद विमानतळापर्यंतच चालतो.

इथे काय चालतं? १९४८ च्या डेंटिस्ट कायद्याने दोन मदतनिसांची व्याख्या केली. दात साफ करणारा हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारा, दुरुस्त करणारा मेकॅनिक. दोघांची नोंदणी राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे होते, दोघांचे डिप्लोमा दोन वर्षांचे. खुर्चीशेजारी सक्शन धरून उभा राहणारा असिस्टंट त्या व्याख्यांत नाही. तेव्हा संस्थेला एकच गोष्ट लेखी मागा : या डिग्रीवर महाराष्ट्र राज्य डेंटल कौन्सिलमध्ये नोंदणी होते का, आणि कोणत्या नावाने? ‘युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त आहे’ हे त्याचं उत्तर नाही. मग एक दिवस रजा टाकून मुलीला घेऊन सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात आणि मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात जा, आणि दोन्ही डिप्लोमांची चौकशी करा.

तुम्ही सहज लिहून गेलात की ती दर पावसाळ्यात लालबागच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. अहो, ज्या हाताला आखणी जमते तो हात दातांच्या लॅबमध्ये, मेकॅनिकच्या कामाला बसायला हवा! दातावर बसवायच्या कॅपचा रंग शेजारच्या दाताशी जुळवायला तीच नजर लागते. पुष्कळ काम आता कॉम्प्युटरवर डिझाइन होऊन मशिनवर कापलं जातं, त्यामुळे ज्या लॅबमध्ये ती मशिनं आहेत तिथेच उमेदवारी करावी. पहिला पगार फार मोठा नसेल. पण डोक्यावर ८.४ लाखही नसतील.

आता ता. क.

पॉलिसीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. दहा वर्षं १.२ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर २० लाख. ‘१२ चे २०’ ऐकायला झकास वाटतं, पण हा परतावा पाच टक्केच पडतो. हेच हप्ते आजच्या ७.१ टक्क्यांनी पीपीएफमध्ये गेले असते तर पंधरा वर्षांनी २५ लाख झाले असते. शिवाय २० लाख हातात येतील तेव्हा मुलगी ३१ वर्षांची असेल. शिक्षण कोणाचं करायचं, नातवाचं? आणि पाच टक्के मिळवण्यासाठी तुम्ही महिना एक टक्क्याने, म्हणजे वर्षाला बारा टक्क्यांनी सोनं गहाण ठेवलंत. हा हिशेब विकणाऱ्याने तुमच्यासमोर कधीच मांडला नसेल.

पण याहून मोठी चूक त्याच फोटोत आहे. विमा कोणाच्या जिवाचा, त्या रकान्यात मुलीचं नाव आहे. लिहायला बरं वाटत नाही, पण याचा अर्थ तिचं काही झालं तर पैसे तुम्हाला मिळतील, आणि तुमचं काही झालं तर घराला एक रुपयाही मिळणार नाही. वडील गेल्यावर हप्ते माफ होण्याची सोयही या पॉलिसीत दिसत नाही. म्हणजे डबे करून तुमच्या पत्नीनेच उरलेले हप्ते भरायचे. घर ज्याच्या पगारावर चालतं तोच माणूस विम्याबाहेर! तुमच्या नावावर शुद्ध टर्म विमा हवा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घराला पैसे देणारा, ७५ लाखांचा, साठीपर्यंत. तब्येत ठीक असेल तर या वयात वर्षाचा हप्ता वीस-पंचवीस हजारांच्या घरात जाईल, आणि आता वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असाल तर फॉर्मात लपवू नका. हप्ता वाढला तर वाढू दे.

जुन्या पॉलिसीचं काय? सरेंडर करून तडकाफडकी मोकळे व्हा, असं मी म्हणणार नाही, कारण दोनच हप्त्यांनंतर हातात चिल्लर येईल. कंपनीला लेखी विचारा की पॉलिसी आता ‘पेड-अप’ केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेल्या पैशांवरच चालू ठेवली, तर शेवटी किती मिळतील. दहापैकी दोन हप्त्यांच्या हिशेबाने उत्तर ४ लाखांच्या जवळ आलं, तर पुढचा हिशेब सोपा आहे. उरलेले ९.६ लाख भरून जास्तीचे १६ लाख मिळतात, त्याच पैशांचे पीपीएफमध्ये आजच्या दराने साडेअठरा होतात. मग पेड-अपच करा. उत्तर फारच कमी आलं, तर भरण्याआधी मला तो कागद पाठवा. बँकेतला साहेब फोन करून ‘एवढा एक हप्ता भरा, मग बघू’ म्हणेल. त्याचं टार्गेट मार्चमध्ये संपतं, तुमचे हप्ते अजून आठ वर्षं चालतील.

जमलेल्या ७० हजारांतले बावीसेक टर्म विम्याला ठेवा. उरलेले ४८ हजार सोन्याच्या कर्जात भरा आणि तेवढ्यात एक पाटली सुटते का विचारा. नाही सुटली तरी महिन्याचं व्याज १,२०० वरून ७२० वर येईल.