ऑस्कर २०२५ ची नामांकनं बघून काय वाटलं, आणि जिंकणार कोण?

तुमचे प्रश्न दोन आहेत, यंदाची नामांकनं बघून काय वाटलं, आणि 'एमिलिया पेरेझ'ला सगळ्यात जास्त म्हणजे १३ नामांकनं आहेत तर तोच जिंकणार का. दुसऱ्याचं आधी सांगून टाकते, नाही जिंकणार. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'अनोरा' नेणार असं माझं मत आहे. हे लिहितेय तेव्हा २३ फेब्रुवारीचे सॅग (हॉलिवूडच्या नटांच्या संघटनेचे) पुरस्कार होऊन गेलेत आणि २ मार्चचा सोहळा (आपल्याकडे ३ मार्च, पहाटे साडेपाच) तोंडावर आलाय, त्यामुळे हातात बराच मसाला आहे.

नामांकनं २३ जानेवारीला आली, लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे दोनदा पुढे ढकलून. यादी बघून सगळ्यात आनंद कशाचा झाला असेल तर 'आय ॲम स्टिल हिअर'चा. पोर्तुगीज भाषेतला ब्राझीलचा सिनेमा, तो परभाषी विभागात येणार हे माहीत होतं पण थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहांत येईल असं फार कमी लोकांनी धरलं होतं. 'द सबस्टन्स'सारखा रक्तामांसाचा हॉरर तिथे बसला आणि कोराली फारजाला दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं, हेही भारी. दिग्दर्शनात यंदा ती एकटीच बाई आहे आणि गंमत म्हणजे पाचही जण या विभागात पहिल्यांदाच आलेत.

राग कशाचा आला तर 'ड्यून पार्ट टू'साठी डेनी व्हिलनव्हला वगळलं त्याचा. पहिल्या 'ड्यून'ला १० नामांकनं होती, त्यातली ६ जिंकला, तेव्हाही दिग्दर्शनात याचं नाव नव्हतं. म्हणजे आवाज चांगला, इफेक्ट चांगले, छायाचित्रण चांगलं, सिनेमाही वर्षातल्या उत्तम दहांत, मग हे सगळं काय आपोआप झालं का? 'हार्ड ट्रुथ्स'मधल्या मरिआन ज्याँ-बॅप्टिस्टला समीक्षकांचे इतके पुरस्कार मिळूनही इथे काहीच नाही, आणि 'चॅलेंजर्स'ला संगीतासाठी गोल्डन ग्लोब मिळूनही इथे भोपळा. असो.

आता १३ नामांकनांचं. इंग्रजी नसलेल्या सिनेमाला एवढी नामांकनं याआधी कधीच नव्हती, आधीचा विक्रम १० चा होता ('क्राउचिंग टायगर' आणि 'रोमा'), त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे हबकले होते. पण नीट बघितलं तर त्यातली दोन एकाच विभागात आहेत, गाण्याच्या, म्हणजे कितीही झालं तरी बारापेक्षा जास्त जिंकताच येणार नाहीत. आणि मुख्य गोष्ट, नामांकन देणारे आणि विजेता ठरवणारे एकच नसतात. नामांकनाच्या वेळी नट नटांना निवडतात, संकलक संकलकांना, ध्वनीवाले ध्वनीवाल्यांना, फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकनं अकॅडमीचे, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेचे, सगळे सभासद मिळून ठरवतात. शेवटच्या फेरीत मात्र जवळपास १० हजार लोक सगळ्याच विभागांत मतं देतात. त्यामुळे वेगवेगळ्या शाखांमधल्या लोकांनी एखादा सिनेमा उचलून धरला की नामांकनांचा ढीग लागतो, पण त्यावरून बाकीच्यांनाही तो आवडतो असं काही सिद्ध होत नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मतदान तर आणखी वेगळं आहे आणि माझं सगळं गणित त्यावरच आहे. इतर विभागांत एकालाच मत द्यायचं, ज्याला सगळ्यात जास्त तो जिंकला. इथे दहाही सिनेमे पसंतीच्या क्रमानं लावायचे. मग पहिल्या पसंतीची मतं मोजतात, कुणालाच निम्म्याहून जास्त नसतील तर सगळ्यात कमी मतंवाला सिनेमा बाद, आणि त्याच्या मतपत्रिका त्यांच्यावरच्या पुढच्या पसंतीकडे जातात, असं करत करत कुणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत चालू राहतं. विधानपरिषदेच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जी पळापळ चालते ना, साधारण तसलंच. याचा परिणाम असा की ज्याच्यावर काही लोक जीव टाकतात आणि बाकीचे ज्याला नवव्या-दहाव्या नंबरवर फेकतात तो सिनेमा इथे अडकतो, आणि जो बहुतेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर आहे तो हळूहळू वर सरकतो.

'एमिलिया पेरेझ' हा बरोब्बर अडकणारा सिनेमा आहे. तो ज्या देशाची गोष्ट सांगतो त्या मेक्सिकोतल्या लोकांनीच त्याच्यावर तोंडसुख घेतलं, ट्रान्स समाजातूनही टीका झाली, आणि वर नामांकनांनंतर आठवड्याभरात नायिका कार्ला सोफिया गॅस्कोनच्या जुन्या पोस्ट बाहेर आल्या, मुसलमानांबद्दल, जॉर्ज फ्लॉइडबद्दल, इतकंच काय खुद्द ऑस्करबद्दलही. अभिनयाचं नामांकन मिळालेली ती पहिली उघडपणे ट्रान्स अभिनेत्री, केवढी मोठी गोष्ट होती ती, आणि प्रचारातून तिलाच बाजूला करावं लागलं. त्या पोस्ट नसत्या तरी हा सिनेमा जिंकला नसता असं मला वाटतं, फक्त शेवटपर्यंत चर्चेत राहिला असता.

'द ब्रुटलिस्ट'ला १० नामांकनं आहेत, गोल्डन ग्लोबला ड्रामा, दिग्दर्शक आणि अभिनेता तिन्ही त्यानं नेली. पण तीन तास पस्तीस मिनिटं! मध्ये १५ मिनिटांचं मध्यंतर धरून. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मत देण्याआधी दहाही सिनेमे बघितलेच पाहिजेत अशी काही सक्ती यंदा नव्हती, तेव्हा किती जणांनी तो पूर्ण बघितला असेल याची मला जेन्युइन शंका आहे. लोक त्याला मान देतील, छायाचित्रण देतील, संगीत देतील, पण पहिल्या नंबरवर प्रेमानं टाकतील असं नाही वाटत.

मग उरले 'अनोरा' आणि 'कॉन्क्लेव्ह'. 'कॉन्क्लेव्ह'नं बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मोठा चित्रपट पुरस्कार, जिंकलं, सॅगमध्ये कलाकार संचाचा पुरस्कार जिंकला, आणि गेले दोन दिवस सगळीकडे 'कॉन्क्लेव्ह पुढे गेला' चाललंय. इथे एक तारीख लक्षात ठेवा, ऑस्करचं अंतिम मतदान ११ ते १८ फेब्रुवारी होतं. बाफ्टा १६ ला झाले, सॅग २३ ला. म्हणजे सॅगचा निकाल बघून कुणाचं मन बदललं असेल तरी उपयोग नाही, पेट्या बंद झाल्या होत्या. सॅगवरून नटमंडळींचा कल कळतो, बस. उलट निर्मात्यांच्या गिल्डचा (संघटनेचा) आणि दिग्दर्शकांच्या गिल्डचा निकाल ८ फेब्रुवारीला एकाच रात्री आला, मतदान सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी, आणि दोन्ही 'अनोरा'ला. त्याच्या आदल्या रात्री समीक्षकांचा क्रिटिक्स चॉईसही त्यालाच. निर्मात्यांचं गिल्ड महत्त्वाचं अशासाठी की तेही हीच पसंतीक्रमाची पद्धत वापरतं. २००९ पासूनचं बघितलं तर ते चुकलंय ते 'द बिग शॉर्ट', 'ला ला लँड' आणि '१९१७' च्या वर्षी, एवढंच. शिवाय 'कॉन्क्लेव्ह'च्या एडवर्ड बर्गरला दिग्दर्शनाचं नामांकन नाही. त्याशिवायही जिंकता येतं, 'आर्गो', 'ग्रीन बुक' आणि 'कोडा' जिंकलेच की, पण रस्ता चढाचा आहे.

एक सांगते, 'कॉन्क्लेव्ह' बघायला मला 'अनोरा'पेक्षा जास्त मजा आली. म्हातारे कार्डिनल कटकारस्थानं करतायत आणि रेफ फाइन्स सगळ्यांचं ओझं चेहऱ्यावर घेऊन फिरतोय, मी आणखी दोन तास बघितलं असतं. पण प्रश्न माझ्या आवडीचा नाहीये. त्याला रूपांतरित पटकथेचं नक्की मिळेल आणि संकलनाचंही मिळेल असं वाटतं. दिग्दर्शन 'अनोरा'चा शॉन बेकर, मूळ पटकथाही बेकरच. हा माणूस निर्मिती, लेखन, दिग्दर्शन, संकलन सगळं स्वतः करतो आणि चारही ठिकाणी त्याचं नामांकन आहे. चारही मिळाली तर एका रात्रीत चार ऑस्कर घेणाऱ्या वॉल्ट डिस्नेच्या बरोबरीला जाईल, पण मी तीनवर थांबतेय. आणि हा सगळा सिनेमा ६० लाख डॉलरात केलाय, हॉलिवूडमध्ये एवढ्यात काहीच होत नाही.

अभिनेत्यात 'द ब्रुटलिस्ट'चा एड्रियन ब्रोडी. सॅग टिमथी शालमेला गेला म्हणून इथे धाकधूक आहे खरी. यातली मजा बघा, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर घेणारा आजवरचा सगळ्यात तरुण माणूस ब्रोडीच आहे, 'द पियानिस्ट'साठी, २९ वर्षांचा असताना. शालमेही आत्ता २९ चा आहे आणि तेव्हाच्या ब्रोडीपेक्षा काही महिन्यांनी लहान. म्हणजे शालमे जिंकला तर ब्रोडीकडून पुरस्कारही जाणार आणि विक्रमही. पण वर म्हटलं तसं, सॅग मतदानानंतर आले, आणि ग्लोब, क्रिटिक्स चॉईस, बाफ्टा तिन्ही ब्रोडीकडे आहेत. मी ब्रोडीवरच राहते.

अभिनेत्री हा मात्र डोक्याला ताप आहे. 'द सबस्टन्स'च्या डेमी मूरकडे ग्लोब, क्रिटिक्स चॉईस आणि सॅग. ग्लोबच्या मंचावर तिनं सांगितलं की ३० वर्षांपूर्वी एका निर्मात्यानं तिला पॉपकॉर्न सिनेमांची नटी म्हटलं होतं आणि तिनं ते खरं मानलं, ते भाषण ऐकून अर्धी अकॅडमी विरघळली असणार. वय लपवायला लावणाऱ्या धंद्याबद्दलचा सिनेमा, आणि त्यात त्या धंद्यानं बाजूला टाकलेली नटी, याहून चांगली गोष्ट मतदारांना कुठून मिळणार. विरुद्ध बाजूला 'अनोरा'ची मायकी मॅडिसन, बाफ्टा तिनं घेतलं आणि तेही मतदान चालू असताना. हॉररला अभिनयाचं ऑस्कर फार क्वचित मिळतं आणि 'अनोरा' जिंकत असेल तर नायिकेला सोडून कसा जिंकेल, कारण सिनेमा म्हणजे तीच आहे, शेवटच्या काही क्षणांत तर एक शब्द न बोलता. 'आय ॲम स्टिल हिअर'ची फर्नांडा टोरेसही आहेच. तिची आई फर्नांडा माँटेनेग्रो 'सेंट्रल स्टेशन'साठी नामांकित होती, दिग्दर्शक तोच, वॉल्टर सालेस, आणि ग्विनेथ पॅल्ट्रोपुढे हरली, ते ब्राझीलवाले अजून विसरलेले नाहीत, सोशल मीडियावर कुठेही बघा. माझं मत? मूर. पण घर गहाण टाकून पैज लावा असं नाही म्हणणार, मॅडिसनचं नाव पुकारलं तर मला धक्का बसणार नाही.

सहाय्यकमध्ये चर्चाच नको, 'अ रिअल पेन'चा कायरन कल्किन आणि 'एमिलिया पेरेझ'ची झोई सल्डाना, दोघांनी वाटेतले चारही मोठे पुरस्कार घेतलेत. दोघांच्या भूमिका मुळात सहाय्यक आहेत का हा प्रश्न विचारायला हवा, सल्डाना तर सिनेमाभर दिसते, पण ही चलाखी दरवर्षी चालते आणि मतदार ती खपवून घेतात.

परभाषी चित्रपटात महिन्याभरापूर्वी 'एमिलिया पेरेझ' म्हटलं असतं, आता 'आय ॲम स्टिल हिअर'. ॲनिमेशनमध्ये 'द वाइल्ड रोबोट' पुढे आहे असं म्हणतात पण मी 'फ्लो' म्हणते, लाटवियाचा, एक संवाद नाही, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. माहितीपटात 'नो अदर लँड', त्याला अजून अमेरिकेत वितरक मिळालेला नाही तरीही. वेशभूषा आणि कलादिग्दर्शन 'विकेड', मेकअप 'द सबस्टन्स', ध्वनी आणि इफेक्ट 'ड्यून'. गाण्यात डायान वॉरेनचं हे १६ वं नामांकन, स्पर्धेतलं एकही ऑस्कर नाही, आणि यंदाही नाही मिळणार बहुतेक.

भारताचं म्हणाल तर परभाषी विभागात आपण पाठवलेला 'लापता लेडीज' पहिल्या १५ मध्येही आला नाही. कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार जिंकलेल्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला पाठवायलाच हवं होतं, यावर माझं आणि अर्ध्या इंटरनेटचं एकमत आहे. गंमत म्हणजे फ्रान्सनं त्याचा विचार केला होता आणि शेवटी पाठवला 'एमिलिया पेरेझ'! लघुपटात 'अनुजा' आहे, दिल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलीची गोष्ट, गुनीत मोंगा आणि प्रियांका चोप्राची नावं मागे आहेत. नेटफ्लिक्सवर आहे, बघून घ्या. मला वाटतं तिथे 'अ लीन' जिंकेल, इमिग्रेशनवर आहे आणि सध्या अमेरिकेत दुसरा विषय नाहीये, पण लघुपटांत कुणाचाच अंदाज धड लागत नाही, त्यामुळे 'अनुजा'ची आशा मी सोडलेली नाही.