पैसा फेकला की रग्बीत कप मिळतो का?

प्रश्न : अंधेरीला २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हापासून परदेशी क्लब रग्बी बघतोय. तिकडे पैसेवालाच जिंकतो का हो? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : नाही, पण पैशाशिवाय वरती टिकताही येत नाही. फ्रान्सचं बघा, २०१८ ला मोंपेलिए ही टीम तिथल्या लीगच्या टेबलमध्ये पहिली, मालक अब्जाधीश अल्त्राद, आणि फायनलला त्यांना कोणी हरवलं तर छोट्याशा गावाच्या कास्त्रने, तेही सहाव्या नंबरवरून येऊन, २९-१३! मला आजही भारी वाटतं ते. तरी खरा फरक नियमाने पडतो असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडमध्ये पगारावर कॅप आहे, म्हणजे क्लबने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा, ती मोडली म्हणून सॅरसन्स क्लबचे आधी ३५ पॉइंट कापले, ५० लाख पौंडांहून जास्त दंड लावला आणि २०२० ला खालच्या डिव्हिजनला पाठवलं, अगदी योग्य केलं. पुढे २०२१ ते २०२५ पाच वर्षांत इंग्लंडच्या लीगला पाच वेगळे चॅम्पियन झाले. पण कॅपने खर्च अडतो, कमाई वाढत नाही ना, २०२२-२३ मध्ये वूस्टर, वॉस्प्स, लंडन आयरिश हे तिन्ही क्लब आर्थिक संकटात बुडाले, आणि वॉस्प्स तर दोनदा युरोपचा कप जिंकलेला क्लब होता हो.