क्रोशा शिकायचा, दाखवायचा, विकायचा: कोल्हापुरातून कुठे वळायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राजारामपुरीत राहता, तीन वर्षं क्रोशा करता. पिशव्या आणि बाळांच्या टोप्या घरच्यांना आवडल्या, आता बाहेर विकायच्या आहेत. ऑनलाइन ग्रुप शोधले तर सगळीकडे 'किंमत सांगा' आणि बदामाच्या चिन्हांचे ढीग, शिकायला काही मिळत नाही. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की पिशवीचा पट्टा महिन्याभरात लोंबतो. मी तुमच्या जागी असते तर विक्रीच्या आधी त्या पट्ट्याचा प्रश्न धरला असता. जो ग्रुप तुम्हाला पट्टा का लोंबतो ते सांगेल, तोच तुमच्या कामाचा.

मी शाहूपुरीत राहते. एकवीस वर्षं क्रोशा आणि गोधडी करते. या काळात कितीतरी ग्रुपांत गेले आणि बाहेर पडले. टिकले ते दोनच. दोन्हींत एक अलिखित रीत आहे: फोटो टाकायचा तर उलट्या बाजूचाही टाकायचा. सुलट बाजूला सगळेच 'किती सुंदर' म्हणतात. उलट्या बाजूला दोऱ्याची टोकं कशी लपवली, रंग बदलताना गाठ मारली की दोरा आत ओढून नेला, कडेचा टाका दर ओळीला एक कमी पडतोय का, हे सगळं उघडं पडतं. जाणती बाई ते पाहून दोन ओळींत दोष सांगते. म्हणून कुठल्याही ग्रुपात आधी आठ दिवस नुसतं वाचा. कुणी चुकलेलं काम टाकलं तर त्याला उत्तर कसं मिळतं ते बघा. तिथे चुकलेलं कामच दिसत नसेल तर तो बाजार आहे. बाजार वाईट नाही, पण शिकायला तिथे जाऊ नका.

प्रश्न विचारतानाही पूर्ण विचारा. 'माझं बिघडलं, काय करू' याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. दोऱ्याच्या लेबलाचा फोटो, सुई किती मिलिमीटरची, कोणता टाका, दहा सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके आणि किती ओळी बसतात, एवढं द्या. हा चौकोन विणायचा कंटाळा मीही पुष्कळ वर्षं केला, आणि तितकीच वर्षं टोप्या उसवल्या.

विणायच्या लेखी नमुन्यांसाठी (पॅटर्न) रॅव्हलरी ही वेबसाइट नक्की बघा. २००७ पासून चालू आहे, खातं फुकट उघडतं. तिथे दोऱ्याची जाडी, सुईचा आकार, लागणारे मीटर, फुकट की विकतचा, असं गाळून नमुना शोधता येतो. माझ्या लेखी तिथली खरी ठेव नमुन्यांच्या खाली आहे. ज्यांनी तो नमुना करून पाहिला त्यांच्या नोंदी तिथे असतात: कुठल्या ओळीत गणित चुकलंय, कुणी सुई बदलली, कुणाला दोरा कमी पडला. दोरा घ्यायच्या आधी दहा जणींच्या नोंदी वाचल्या तर पैसे आणि आठवडा दोन्ही वाचतात.

एक अडचण मात्र सगळ्या नवख्यांना येते. इंग्रजी नमुने दोन बोलींत असतात. अमेरिकन नमुन्यातला 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका. त्याच टाक्याला ब्रिटिश नमुन्यात 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकन 'डबल' हा आपला खांब, त्याहून उंच टाका, तो ब्रिटिशांकडे 'ट्रेबल' होतो. मी एकदा ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून बाळाची टोपी विणली, ती बाळाच्या हनुवटीपर्यंत आली. सोपी खूण लक्षात ठेवा: नमुन्यात 'सिंगल क्रोशे' हा शब्द दिसला की तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही. सुईचंही तसंच. अमेरिकन नमुन्यात 'जी' आणि 'एच' लिहितात, ती अनुक्रमे ४ आणि ५ मिलिमीटरची. दोऱ्याच्या जाडीला ० ते ७ असे आकडे असतात. आपल्याकडच्या लेबलावर ते नेहमी नसतात, म्हणून वजन आणि लांबी बघायची: शंभर ग्रॅममध्ये किती मीटर.

दोरा ऑनलाइन स्वस्त पडतो, तरी पहिली खरेदी महाद्वार रोडच्या बाजूला हातात घेऊन करा. पीळ बोटांत कळतो, पडद्यावर कळत नाही. लेबलावरचा लॉट नंबर बघून पुरेल एवढा एकदम घ्या. तोच रंग, तीच कंपनी, पण लॉट वेगळा असेल तर पिशवीवर वेगळ्या छटेची पट्टी उमटते. अस्तराचं कापड गांधीनगरला घाऊक मिळतं. चारजणी मिळून जा आणि वाटून घ्या.

मला ज्यांनी घडवलं त्यांच्यातल्या निम्म्या कुठल्याच ग्रुपात नाहीत. आमच्या गल्लीतल्या एक आजी गोधडीचा धावदोरा इतका सरळ घालतात की उलट-सुलट ओळखू येत नाही. पट्टीच्या कडा कशा मुडपायच्या, जुन्या लुगड्याचे थर आतून सरकू नयेत म्हणून आधी कुठे टाचायचं, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. तुमच्याकडेही अशी कुणीतरी असेलच. तिला विचारा, आणि तिची परवानगी घेऊन तिच्या हातांचा व्हिडिओ करून ठेवा.

दूरची माणसंही कधी शेजाऱ्यांसारखी होतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. दोऱ्याचं कपाट, अर्धी झालेली कामं, सगळं चिखलात गेलं. मी ग्रुपावर एवढंच लिहिलं की यंदाच्या ऑर्डरी रद्द. पंधरा दिवसांत नाशिक, नांदेड, बेळगावहून पार्सलं आली. कुणी सुया पाठवल्या, कुणी दोऱ्याच्या उरलेल्या गुंड्या, एकीने स्वतःची नमुन्यांची वही झेरॉक्स करून दिली. त्यातल्या तिघींना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही.

यावरून एक कळकळीची विनंती. विकतच्या नमुन्याची पीडीएफ ग्रुपावर फिरवू नका, कुणी फिरवली तर उतरवून घेऊ नका. तो कुणातरी बाईच्या महिन्याचा घरखर्च असतो. आपण कोल्हापूरकरांनी तरी हे जाणावं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीवरून त्या सुचल्या असं कंपनीने मान्य केलं. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. म्हणून भांडायला आधार तरी होता. घरात बसून नमुना लिहिणाऱ्या बाईकडे तोही नसतो. कुणाचा नमुना वापरलात तर वस्तूसोबत तिचं नाव लिहा, आणि विकायला परवानगी आहे का ते नमुन्यातच वाचा. बहुतेक जणी ते स्पष्ट लिहितात.

आता किंमत. तुमची पिशवी चारशेला द्यावी का, असं विचारलंत. हिशेब मांडू. तीन गुंड्या नव्वद रुपयांप्रमाणे २७०. अस्तर, चेन, निवार ७०. वेळ तुम्ही अकरा तास सांगितलात, तासाला अवघे पन्नास धरले तरी ५५०. खोका आणि कागद ३०. झाले ९२०, आणि यात बिघडलेल्या कामाचं काहीच नाही. चारशेला दिलीत तर साहित्य आणि खोक्याचे ३७० वजा जाऊन अकरा तासांचे तीस रुपये उरतात. गिऱ्हाईक म्हणेल, बाजारात अशीच अडीचशेला मिळते. तिला शांतपणे सांगा: इचलकरंजीत यंत्रमागावर कापड निघतं, स्वेटर विणायची यंत्रं आहेत, पण खरा क्रोशा काढणारं यंत्र बाजारात नाही. अडीचशेची पिशवी खरोखर क्रोशाची असेल तर तीही कुणीतरी हातानेच विणली आहे, आणि तिला तासाचे काय मिळाले असतील याचा विचार करून मला झोप येत नाही. ९५० च्या खाली जाऊ नका. विकलं जात नसेल तर वस्तू लहान करा, मजुरी नको.

विकायला पहिलं वर्ष प्रदर्शनं बरी. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात प्रदर्शनं लागतात, पुण्यात भीमथडी जत्रा २००६ पासून भरते, बचत गटात असाल तर मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाचा मार्ग आहे. पैसे भरण्याआधी टेबल केवढं, दिवे कुणाचे, क्रोशाचे आणखी किती स्टॉल, हे लेखी घ्या. एका आयोजकाने माझ्याकडून तीन दिवसांचं भाडं घेऊन मला जिन्याखाली बसवलं होतं, आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

ऑनलाइन विकताना एकच नियम: पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. 'क्यूआर स्कॅन करा, ॲडव्हान्स येईल' म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, चोर. एट्सी या हातकामाच्या वस्तू विकायच्या परदेशी साइटवर एक वस्तू मांडायला चार महिन्यांचे ०.२० डॉलर, विकल्यावर ६.५ टक्के, आणि ते टक्के पोस्टेजच्या रकमेवरही लागतात. वर पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. परदेशी माल पाठवायला आयात-निर्यात क्रमांक लागतो, पोस्टाची निर्यात केंद्रं कागदपत्रांत मदत करतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे, तेव्हा तिकडची ऑर्डर घेताना कर कोण भरणार ते आधी ठरवा. मी असते तर परदेश दुसऱ्या वर्षावर टाकला असता.

सरकारी कागदांत हस्तशिल्प आयुक्तालयाचं 'पहचान' ओळखपत्र आधी काढा, कारागिरांच्या मेळ्यांत आणि योजनांत ते विचारतात. क्रोशाला कमी समजू नका, आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला तर भौगोलिक मानांकन आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट असते, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. केंद्राच्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी, चर्मकार, कुंभार, सोनार आहेत, क्रोशा नाही. त्यासाठी हेलपाटे घालू नका. जीएसटीचं तुमच्या उलाढालीवर ठरेल, ते एकदा सीएला विचाराच.

आणि तो पट्टा. माझा अंदाज, तुम्ही तो खांबाने आणि लांबीला आडवा विणलाय. खांब उंच, म्हणून वजन आलं की ताणतो. मुक्या खांबाने, एक नंबर लहान सुईने, लांबीच्या दिशेने विणून बघा, आणि आतून सुती निवार शिवा. निवार आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटते. पण अंदाजच तो. पट्टा जिथे पिशवीला जोडलाय तिथला उलट्या बाजूचा फोटो आणि दोऱ्याचं लेबल टाका, मग नक्की सांगते.